पिक्चर संपला, पण लेकीच्या डोक्यातनं जाईना

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, मुलगी १२ वर्षांची. पंधरा दिवसांपूर्वी तिने आजोबांसोबत 'श्वास' बघितला, त्यात आजोबा नातवाला दवाखान्यात नेतात आणि कॅन्सरमुळे त्याचे डोळे काढावे लागतात, आणि तेव्हापासून रात्री दोन-दोनदा उठते, आजोबांच्या खोलीत जाऊन त्यांच्या नाकापाशी हात धरून बघते. मध्येच विचारते, माझेपण डोळे काढतील का? मी म्हणते, अगं पिक्चर होता तो, सोड आता. गेल्या वर्षी सासूबाई हार्ट अ‍ॅटॅकने गेल्या तेव्हा तिला मिरजेला मामाकडे ठेवलं होतं, आजी झोपेतच गेली एवढंच सांगितलं, आणि तेव्हा ती रडलीसुद्धा नव्हती. असले पिक्चर बंदच करू का?
— एक आई

उत्तर : ताई, पिक्चर बंद करू नका. मला तर वाटतं ती आजीसाठी रडायची राहिलीय आणि पिक्चरने फक्त ते वर काढलं. तुम्हीच लिहिलंय ना, आजी झोपेत गेली असं सांगितलं, मग ती आजोबांना झोपेतच तपासणार, दुसरं काय करेल पोर.

डोळ्यांचं आधी सांगून टाका, सरळ. पिक्चरमधल्या त्या मुलाला होतो तो रेटिनोब्लास्टोमा, डोळ्याचा कॅन्सर, बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो, एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि वेळेत सापडला तर बरीच मुलं वाचतात. १२ वर्षांच्या मुलीला एवढं कळतं.

आजीचं मात्र निवांत बसून बोला. २००४ च्या त्या पिक्चरमध्ये डॉक्टर काय म्हणतात आठवतंय का, ऑपरेशनच्या आधी मुलाला खरं सांगायलाच पाहिजे, आणि आजोबांचा जीव तिथेच अडकतो. तुमचंही तेच झालंय. सांगा तिला की आजीचं हृदय बंद पडलं, झोपेमुळे काही झालं नाही, आणि तुला मिरजेला ठेवलं ते आमचं चुकलं. तुम्हाला रडू आलं तर येऊ दे तिच्यासमोर. तिने विचारलं आजोबापण जाणार का, तर 'कधीच नाही' असं म्हणू नका, तिला ते खोटं आहे हे कळतं. आत्ता त्यांची तब्येत कशी आहे, गोळ्या कुठल्या चालू आहेत, ते आजोबांनाच सांगू दे.

मग एखाद्या संध्याकाळी तिघं-चौघं कृष्णेच्या घाटावर जा, आजीचं काय काय आठवतं ते तिला बोलू दे, तुम्ही मध्ये शिकवायला जाऊ नका. पिक्चरमधला कुठला सीन डोक्यात बसलाय तेही तिथेच विचारा, कधी कधी आपल्याला वाटतो त्यापेक्षा भलताच असतो.

अजून दोन-तीन आठवड्यांनीही झोप नीट लागत नसेल, जेवण किंवा शाळा सुटत असेल तर बालमानसतज्ज्ञांकडे न्या. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आधी तुम्ही एकट्याने फोन केला तरी चालेल.