माकडाची चाल कुत्र्यापेक्षा वेगळी का दिसते?

तुम्ही विचारलंय की कुत्रा आणि माकड दोघंही चार पायांवर चालतात, मग माकडाची चाल लांबूनही वेगळी का ओळखू येते, आणि यावर कोणी संशोधन केलंय का. केलंय, आणि झकास केलंय. मी शास्त्रज्ञ नाही, ॲनिमेटर आहे. पण वॉक सायकल (पात्राच्या चालण्याची पुन्हा पुन्हा फिरणारी चित्रमालिका) करून पोट भरणाऱ्याला हे वाचावंच लागतं.

फरक पावलांच्या क्रमात आहे. कुत्रा, मांजर, गाय सावकाश चालताना डावा मागचा पाय टेकला की पाठोपाठ डावा पुढचा टेकतो, मग उजवा मागचा, उजवा पुढचा. माकडाचा डावा मागचा टेकला की नंतर उजवा पुढचा येतो, म्हणजे तिरका. कॅलिफोर्नियातल्या मिल्टन हिल्डेब्रँड यांनी प्राण्यांच्या चाली आलेखावर मांडल्या आणि १९६७ मध्ये प्रायमेट्सचं, म्हणजे माकडं आणि त्यांच्या नातलगांच्या गटाचं, हे वेगळेपण नीट दाखवलं. शिवाय कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, तर बहुतेक माकडांत मागच्यांवर जास्त. कुत्र्याची वॉक सायकल माकडाच्या रिगवर (पात्र हलवायच्या आतल्या सांगाड्यावर) चढवली की प्रेक्षकाला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं नक्की.

पण हे असं का? एक उत्तर असं की बारीक फांद्यांमुळे. पुढचा हात नव्या, भरवसा नसलेल्या फांदीवर पडतो त्या वेळी मागचा पाय आधी हाताने चाचपलेल्या जागी घट्ट पकड घेऊन असतो. पुढची फांदी मोडली तरी अंग मागे खेचता येतं.

सांगायला सोपं आहे, तपासायचं कसं? ड्यूक विद्यापीठातले डॅनियल श्मिट आणि पिएर लेमेलिन यांची युक्ती मला फार आवडते. त्यांनी माकडाच्या नात्यात नसलेला, पण बारीक फांद्यांवर राहणारा प्राणी घेतला: दक्षिण अमेरिकेतला वूली ओपॉसम, कांगारूच्या गोतावळ्यातला. आडव्या दांड्यावर त्याला चालवलं, पावलांचं व्हिडिओ चित्रण केलं, खाली पडणारा जोर फोर्स प्लेटने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पट्टीने, मोजला. हा गडी माकडासारखाच तिरका चालला आणि भारही मागच्या पायांवर जास्त टाकला! त्याचाच जमिनीवर राहणारा भाईबंद, आखूड शेपटीचा ओपॉसम, मात्र कुत्र्याच्या क्रमाने चालतो. उलट बाजूने, मार्मोसेट हे अस्सल माकड असूनही नख्या रोवून जाड खोडांना चिकटणारं. श्मिट यांना २००३ मध्ये त्याची चाल बरीचशी बिगर-माकडी आढळली. म्हणजे नुसत्या नात्यापेक्षा राहणीचा हात मोठा.

श्मिट यांचं आणखी एक निरीक्षण कामाचं आहे. माकडं कोपर वाकवून चालतात, त्यामुळे अंग वरखाली कमी होतं आणि फांदी कमी हलते.

स्वतः बघायचं तर देवळापाशी काळतोंडी वानरं सावकाश चालत असताना मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा आणि फक्त मागच्या पायानंतर कोणता पुढचा टेकतो तेवढं बघा. पळतानाचा व्हिडिओ उपयोगाचा नाही. आणि जमिनीवर काही माकडं मधूनच कुत्र्याचा क्रमही धरतात, तेव्हा एकाच व्हिडिओवर निकाल देऊ नका.

यातूनच माणसाच्या चालीचा वाद निघतो. आपण चालताना चिंपांझीच्या मानाने ७५ टक्के कमी ऊर्जा खर्चतो, असं २००७ मध्ये मोजलं गेलं. श्मिट यांचं म्हणणं, आपले पहिले दोन पायांवरचे पूर्वज माकडासारखेच गुडघे वाकवून चालत असावेत. लिव्हरपूलच्या रॉबिन क्रॉम्प्टन यांच्या गटाला ते पटत नाही. तसं चालणं फार खर्चाचं पडलं असतं, असं ते म्हणतात. टांझानियात लाएटोलीला सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीच्या राखेत उमटलेले पावलांचे ठसे आहेत. २०१० मध्ये माणसांना वाळूवर सरळ पायांनी आणि गुडघे वाकवून अशा दोन्ही तऱ्हांनी चालवून त्या जुन्या ठशांशी तुलना केली, तर ठशांची खोली सरळ पायांच्या चालीशी जुळली. त्यामुळे मी लिव्हरपूलच्या बाजूचा. पण त्या ठशांच्याही आधी लाखो वर्षं दोन पायांवरचे पूर्वज होते, आणि त्यांच्याबाबत श्मिट यांचं म्हणणं अजून खोडलं गेलेलं नाही.