स्विमिंग पूलचा कार्ट्रिज फिल्टर घरी प्रेशर वॉशरने धुतला तर चालेल का?

नाही, प्रेशर वॉशर लावू नका. बागेच्या साध्या पाइपनेच धुवा. कार्ट्रिजचं कापड पॉलिस्टरचं असतं. जोराच्या धारेने त्याचे तंतू विस्कटतात आणि मग बारीक गाळ अडत नाही. आधी पंप बंद करा, वरच्या व्हॉल्व्हमधून हवा सोडा, दाबाचा काटा शून्यावर आला की मगच झाकण उघडा. धार साधारण 45 अंशांत तिरकी, वरून खाली, कापडाची एकेक चुणी (घडी) फाकवत. खरा चिखल चुणीच्या तळाशी बसलेला असतो.

धुऊनही बोटाला बुळबुळीत लागलं तर ते सनस्क्रीन आणि अंगाचं तेल. त्यासाठी फिल्टर क्लीनरच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. पांढरे खरखरीत डाग क्षारांचे. त्यांना सौम्य अ‍ॅसिड लागतं, पण तेल निघाल्यावरच, नाहीतर तेल कापडात पक्कं बसतं. (अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नव्हे. क्लोरीन जवळपासही नको, विषारी वायू होतो.)

मात्र चुण्या फाटल्या असतील किंवा धुतल्यावरही दाब उतरत नसेल, तर कार्ट्रिज नवीनच घ्या.