मेडुसाला स्वतःची नजर बंद करता येते का?

तुमचा प्रश्न असा आहे, की डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिकाखेळातल्या तुमच्या मोहिमेतली मेडुसा खलनायिका नसून राणीची सल्लागार आहे. मग तिची दगड करणारी नजर कायम चालू धरायची, की ती हवी तेव्हा बंद करू शकते? आणि कायम चालू असणाऱ्या बाकीच्या शक्तींचं काय?

करू शकते. 2014च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे खेळातल्या राक्षसांच्या पुस्तकात, तिच्या नजरेच्या परिच्छेदात 'कॅन फोर्स' असे शब्द आहेत. 30 फुटांच्या आत टर्न (आपली पाळी) सुरू करणाऱ्याला ती सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, टाकायला लावू शकते. लावतेच असं नाही, लावू शकते. या एका 'शकते'वरून मी भर सेशनमध्ये चाळीस मिनिटं भांडलोय आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आमच्याकडे मेडुसा नव्हती, बॅसिलिस्क होता, म्हणजे नजरेने दगड करणारा सरपटणारा प्राणी. चौथ्या लेव्हलची पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी), मी रेंजर, म्हणजे रानात वावरणारा शिकारी. गुहेत सापडलेला तो प्राणी मारायचा सोडून आम्ही जाळ्यात धरला, डोक्यावर पोतं बांधलं आणि हातगाडीवर घातला. कल्पना माझीच. पुढची पाच सेशन्स मी त्याला न चुकता खायला घातलं. 'आज ब.ला मांस दिलं' अशा नोंदी असलेली ती वही अजून माझ्याकडे आहे. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, एकदाही हरकत घेतली नाही. उलट 'तो आता तुझ्या हाताचा वास ओळखतो' असं वर्णन त्यानेच केलं होतं. हे वाक्य ध्यानात ठेवा.

मग हॉबगॉब्लिन या लढाऊ राक्षसांचा पहारा आडवा आला. बेत सोपा होता. गाडी पुढे ढकलायची, मी मागून पोतं ओढायचं, पुढचं बॅसिलिस्क बघून घेईल. मी पोतं ओढलं आणि डीएम शांतपणे म्हणाला, "30 फुटांत ज्याला ज्याला तो दिसतोय आणि जो त्याला दिसतोय, त्या प्रत्येकाने आपापल्या टर्नला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह टाकायची. तुम्हीसुद्धा."

मी पाठीमागे होतो म्हणून सुटलो. क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेने मंत्र टाकणारं पात्र, खेळणारी मैत्रीण पुढच्या चाकाशी उभी होती. डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, 12. तिचा डी20 (वीस बाजूंचा फासा) पेन्सिलीला अडून तिरका राहिला. कुणी काही म्हणायच्या आत तिने तो प्रामाणिकपणे परत टाकला आणि 7 आला. अधिक तिच्या पात्राचे 2, म्हणजे 9. पाय दगडाचे व्हायला लागले. पुढच्या टर्नच्या शेवटी पुन्हा टाकला, 4. संपलं. यातून सोडवायला ग्रेटर रिस्टोरेशन हा मंत्र लागतो, तो क्लेरिकला नवव्या लेव्हलला मिळतो, आणि आमची एकुलती एक क्लेरिक चौथ्या लेव्हलला पुतळा होऊन उभी.

मी पुस्तक उघडून त्या 'कॅन'वर बोट ठेवलं. डीएम म्हणाला, "'शकतो' ते खरं, पण ठरवणार कोण? त्याची इंटेलिजन्स 2 आहे. समोर हललं की दगड करायचं आणि खायचं, एवढंच त्याला कळतं."

"माझ्या हाताचा वास ओळखतो ना?"

"तुझ्या हाताचा. तिच्या नाही."

यावर मला अजूनही चांगलं उत्तर सुचलेलं नाही. पण एक सांगतो, आमचा डीएम 3.5वर वाढलेला. 2003च्या त्या आवृत्तीत नजर म्हणजे पेटता दिवा. राक्षसाने काही करायची गरज नाही, टप्प्यातल्या प्रत्येक शत्रूला फेरीगणिक सेव्ह. डोळे झाकले तर परिणाम थांबतो, हेही तिथे लिहिलंय. म्हणजे तिथली तुमची मेडुसा चेहऱ्यावर पडदा घेऊन दरबारात बसली असती. आम्ही एकाच टेबलावर दोन वेगळ्या पुस्तकांतून भांडत होतो, आणि कबूल मात्र दोघांपैकी कुणी करेना.

माझं मत विचाराल तर आधी बघा, की शक्ती अंगाची आहे की करणीची. ट्रोग्लोडाइट या राक्षसाच्या दुर्गंधाला 'शकतो' नाही. 5 फुटांत टर्न सुरू झाली की सेव्ह टाकायचीच. घामाला काही बटण नसतं. सॅलामँडर या आगीतल्या राक्षसाचं तापलेलं अंग तसंच, मैत्रीने हात लावलात तरी 2डी6, म्हणजे सहा बाजूंच्या दोन फाशांइतकं, भाजणार. याउलट बिहोल्डर या अनेक डोळ्यांच्या राक्षसाच्या मधल्या डोळ्याचा जादू मारणारा 150 फुटांचा शंकू चालू ठेवायचा की नाही, हे तो दर टर्नला ठरवतो, कारण त्यात त्याच्या बाकीच्या डोळ्यांचे किरणही विझतात. पुस्तकाला निवड द्यायची असते तिथे ते तसं लिहितं. ते शब्द गिळून 'नेहमी चालू' म्हणत खेळाडूंची जिरवणारे डीएम मला आवडत नाहीत.

भांडणानंतर तीन दिवसांनी मला बॅसिलिस्कच्याच वर्णनात, आकड्यांच्या चौकटीबाहेर, घबाड सापडलं. अंड्यातून काढलेला किंवा पिल्लू असताना धरलेला बॅसिलिस्क माणसाळतो, आणि मालकाला ज्यांना जपायचंय त्यांच्याशी नजर भिडवायचं टाळायला शिकतो. मी लगेच फोटो काढून पाठवला. डीएमचं उत्तर: "तुझा पिल्लू होता का?" नव्हता. 52 हिट पॉइंटचं थोराड जनावर होतं. त्याच वर्णनात, त्याच्या घशातला द्रव नीट तयार केला तर दगड झालेला माणूस परत येतो, असंही आहे. हे डीएमला आधीपासून माहीत होतं. पुढच्या सेशनला क्लेरिक परत आली. बॅसिलिस्कला मारायचं काम अर्थातच रेंजरकडे आलं.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. बेसावध नसेल तर कुणालाही टर्नच्या सुरुवातीला नजर चुकवून सेव्ह टाळता येते. फक्त पुढच्या टर्नपर्यंत तो राक्षस आपल्याला दिसत नाही. हे त्या दिवशी मैत्रिणीला डीएमने सांगितलं नाही, आणि 'कॅन'चा कीस काढणाऱ्या मीही नाही. तुम्ही तुमच्या खेळाडूंना पहिल्याच भेटीत सांगून टाका. आणि दरबारात आरसे ठेवू नका. लख्ख उजेडात 30 फुटांच्या आत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तर मेडुसावर तिचीच नजर चालते, आणि तिथे 'शकते' वगैरे काही नाही, तो शापच आहे. म्हणजे बंद करणं पूर्णपणे तिच्या हातात आहे, हे माझं वरचं म्हणणं थोडं सैल धरा.

2025चं मॉन्स्टर मॅन्युअल वापरत असाल तर हा वाद उरतच नाही. तिथे तिची नजर बोनस ॲक्शन (पाळीतली जादाची कृती) आहे, सहा बाजूंच्या फाशावर 5 किंवा 6 पडल्यावर परत मिळणारी; वापरली नाही तर नाही. आमचा डीएम ते पुस्तक टेबलावर येऊ देत नाही.