वाचकांचे प्रश्न : इन्व्हर्टरच्या टीमची धुरा

प्रश्न : आजवर गेट ड्रायव्हर (पॉवर स्विचला चालू-बंद करणारं सर्किट) डिझाइन करत होतो. आता विद्युत वाहनांच्या इन्व्हर्टरची, म्हणजे बॅटरीचा डीसी मोटरसाठी एसीत बदलणाऱ्या भागाची, सगळी तांत्रिक जबाबदारी माझ्याकडे आली आहे. आयजीबीटी हे सिलिकॉनचे पॉवर स्विच सोडून आम्ही 800 व्होल्टच्या बॅटरीसाठी 1200 व्होल्टचं सिलिकॉन कार्बाइड मॉड्यूल घेतलं. डबल पल्स टेस्ट (स्विचला दोन पल्स देऊन तो चालू-बंद होताना तपासणं) उत्तम झाली, पण पूर्ण इन्व्हर्टरवर मॉड्यूल उडतात. ड्रायव्हरवाले बसबारकडे (करंट वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांकडे) बोट दाखवतात, मेकॅनिकलवाले ड्रायव्हरकडे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : व्होल्टेजचा हिशेब एका कागदावर मांडा आणि तो कागद स्वतःकडे ठेवा. समजा, पूर्ण चार्ज झालेली बॅटरी 850 व्होल्टला जाते. कपॅसिटर, बसबार आणि मॉड्यूल मिळून 20 नॅनोहेन्री इंडक्टन्स (करंट बदलताना जादा व्होल्टेज उभं करणारा गुण) आहे आणि बंद होताना करंट नॅनोसेकंदाला 10 अँपिअरने घसरतो. म्हणजे वर आणखी 20 × 10 = 200 व्होल्ट, झाले 1050. कूलिंगच्या पाइपला जागा हवी म्हणून कुणी कपॅसिटर सरकवला आणि 10 नॅनोहेन्री वाढले, की 1150, आणि मॉड्यूलची मर्यादा 1200! सरकवणाऱ्याला हा आकडा ठाऊक नसतो, ड्रायव्हरवाल्याला कपॅसिटर हलल्याचं कळत नाही. म्हणून प्रत्येक भागाला नॅनोहेन्रीची मर्यादा लेखी द्या. ती ओलांडणारा बदल तुमच्या सहीशिवाय होता कामा नये.

तुमची डबल पल्स टेस्ट बहुधा टेबलावरच्या आखूड बसबारवर झाली असावी. ती प्रत्यक्ष बसबार-कपॅसिटर जोडून, कमाल व्होल्टेज आणि कमाल करंटला पुन्हा घ्या. थंडीतही घ्या, कारण गार चिपचं ब्रेकडाउन व्होल्टेज कमी असतं. बंद होताना टर्मिनलवर दिसतं त्यापेक्षा जास्त व्होल्टेज आतल्या चिपला सोसावं लागतं, तेव्हा व्होल्टेजच्या मर्यादेखाली थोडी जागा राखून ठेवा. प्रोबची लांब ग्राउंड क्लिप मात्र काढाच. ती नसलेलं रिंगिंग (व्होल्टेजचे हेलकावे) दाखवते.

दुसरा संशयित म्हणजे शॉर्ट सर्किटचं संरक्षण. आयजीबीटी साधारण 10 मायक्रोसेकंद तग धरतो, सिलिकॉन कार्बाइड बहुधा 2 ते 3. डीसॅटचा (चिपवरचं व्होल्टेज पाहून शॉर्ट ओळखणाऱ्या सर्किटचा) ब्लँकिंग टाइम, म्हणजे तपासणीआधी थांबायची वेळ, जुन्या बोर्डावरून उचलला असेल, तर ड्रायव्हर जागा होईपर्यंत चिप गेलेली असते. वेळ कमी करा आणि सॉफ्ट टर्न-ऑफ (चिप हळू बंद करणं) ठेवा. तो प्रचंड करंट झटक्यात तोडलात तर वरचाच हिशेब अंगाशी येतो.

प्रश्न : डीसी लिंकला (बॅटरी आणि स्विचमधल्या डीसी भागाला) 500 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 1500 ओहमचा डिस्चार्ज रेझिस्टर आहे. 800 वरून 60 व्होल्टला साधारण दोन सेकंदांत येतो. तरी रेझिस्टर जळाला. जास्त वॉटचा टाकू का?

उत्तर : नको. कपॅसिटरमध्ये 160 जूलच असतात. पण कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा रिले) चिकटला, किंवा तो उघडण्याआधीच डिस्चार्ज सुरू झाला, तर बॅटरी त्याच रेझिस्टरमध्ये सुमारे 427 वॉट ओतत राहते. सॉफ्टवेअरमध्ये अट घाला : 3 सेकंदांत व्होल्टेज उतरलं नाही तर डिस्चार्जचा स्विच ऑफ, फॉल्टची नोंद आणि रेझिस्टर निवेपर्यंत पुन्हा प्रयत्न नाही. ही अट हार्डवेअरवाल्यांना सॉफ्टवेअरची वाटते आणि सॉफ्टवेअरवाल्यांना हार्डवेअरची. रिक्वायरमेंटमध्ये ती तुम्हीच लिहा. कपॅसिटर हळूहळू का होईना रिकामा व्हावा म्हणून कायम जोडलेला मोठ्या ओहमचा रेझिस्टर वेगळा राहू द्या.