शिवणप्रश्न : घरात तोडफोड, मशीनवर लोकांचे क्विल्ट

प्रश्न : ताई, लोकांनी जोडून दिलेल्या क्विल्टवर (वरचा भाग, मधलं भरण आणि खालचं अस्तर अशा तीन थरांची गोधडी) मी घरच्या मशीनवर टीप मारून देते. सध्या घरात फरशी बदलणे आणि भिंती घासणे चालू आहे. दोन आठवड्यांपासून अस्तराच्या बाजूने दोऱ्याचे फास दिसतात. बॉबिनचा स्क्रू आवळला, तरी जात नाहीत.

उत्तर : बॉबिनचा स्क्रू होता तिथे परत आणा. अस्तरावर दिसणारा फास वरच्या दोऱ्याचा असतो, म्हणजे वरचा दोरा सैल सुटतोय. तुमच्या घरात याचं पहिलं संशयित कारण धूळ. ती टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये बसली की चकत्या दोरा नीट पकडत नाहीत. मशीनचा प्लग काढा, फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचला (चकत्या तेव्हाच उघडतात) आणि मलमलची दुमडलेली पट्टी त्यांच्यामधून वरून खाली दोनतीनदा ओढा. मग सुईखालची प्लेट काढून कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांमधला आणि शटलमधला (बॉबिन बसते तिथला) कचरा ब्रशने बाहेर काढा. तोंडाने फुंकू नका, धूळ आत जाते आणि वाफेने चिकटते. तेल त्यानंतर, तेही मशीनच्या पुस्तकात सांगितलेल्या जागीच, एक थेंब. धुळीवर तेल घातलं तर घासकागदासारखा लगदा तयार होतो. फरशी कापताना उडणारी पूड दगडाचीच असते.

नवी ९०/१४ जाडीची सुई लावा, फूट वर ठेवूनच दोरा ओवा आणि त्याच भरणाच्या १० इंची तुकड्यावर टीप मारून बघा. सरळ टीप स्वच्छ आणि फास फक्त वळणावर, असं दिसलं तर दोष हाताचा आहे. वळणावर हात मशीनपेक्षा जोरात सरकतो. मोटर तशीच ठेवा, हात सावकाश फिरवा. तरीही उरलं तर वरचं टेन्शन अर्ध्या आकड्याने वाढवा.

घासणं-कापणं चालू असेल त्या दिवशी मशीन उघडूच नका. बारीक धूळ कितीतरी तास हवेत तरंगते. दुसऱ्या सकाळी टेबल ओल्या फडक्याने पुसा, मगच झाकण काढा. गिऱ्हाइकाचं कापड सुती उशीच्या अभ्र्यात घालून झाकणाच्या डब्यात ठेवा, पण ते पूर्ण कोरडं हवं, आणि डबा ओल्या प्लास्टरच्या भिंतीला टेकवू नका. वायरमन मेन स्विच चालू-बंद करत असेल तेव्हा संगणकी मशीनचा प्लग काढलेला बरा.

प्रश्न : आलेल्या क्विल्टच्या कडा लाटांसारख्या उठतात. टीप मारताना चुण्या पडतील का?

उत्तर : पडतील. किनारीची पट्टी कडेवर ठेवत ठेवत शिवली आणि उरलेली कापली की हे होतं. क्विल्टची लांबी मध्यभागी मोजा, मग दोन्ही कडांना. फरक थोडा असेल तर स्टार्च आणि वाफेची इस्त्री देऊन, टाचण्या जवळजवळ लावून तो जिरवता येतो. किनारी हाताने दाबल्यावर घडी पडत असेल, तर काम हातात घेऊ नका. गिऱ्हाइकाला फोटो पाठवा आणि किनारी उसवून मधल्या मापाने पुन्हा लावायला सांगा. चुण्या पडल्या की बोल टीप मारणाऱ्यालाच लागतो.

काम घेतानाच अस्तरही मोजून घ्या. वरचा भाग ६० बाय ८० इंच असेल तर अस्तर आणि भरण ६८ बाय ८८ हवं, म्हणजे चारही बाजूंना ४ इंच जास्त.

प्रश्न : मुलं, स्वयंपाक, गवंडी यांत दर वीस मिनिटांनी उठावं लागतं. टाके एकसारखे येत नाहीत.

उत्तर : उठताना सुई कापडात खाली रुतवून ठेवा आणि शक्यतो कोपऱ्यात किंवा जोडावर थांबा, मोकळ्या वळणावर नको. अशा दिवसांत वॉकिंग फूटने (वरचा थरही खालच्याबरोबर सरकवणारा फूट) सरळ रेघा घ्या, टाका ३ मिमी. वेलबुट्टी सलग दोन तास मिळतील तेव्हा. थर टाचताना सेफ्टी पिना मुठीएवढ्या, म्हणजे ४ इंच अंतरावर लावा. थर चिकटवायचा स्प्रे धुळीच्या घरात नको, त्यावर सगळं येऊन चिकटतं.