१४ तासांचं वेळापत्रक

अनेक आशीर्वाद.

एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेसाठी तू आखलेल्या वेळापत्रकाचा फोटो मिळाला. पहाटे ५ ते रात्री ११, रकाने स्केचपेनने आखलेले, विषयागणिक वेगळा रंग. बेरीज केली तर १४ तास अभ्यास भरतो. पण त्यात जेवण नाही. सदाशिव पेठेतल्या एका खोलीत तुम्ही पाच जणी कॉट बेसिसवर राहता, म्हणजे सकाळी आंघोळीला नंबर लागत असणार. तोही कुठे दिसत नाही. मेसपर्यंत जाऊन-येऊन जाणारा वेळ नाही. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तरी रविवारचा रकाना मंगळवारसारखाच.

आणि खाली लिहिलंयस, ‘तीन दिवस पाळलं, चौथ्या दिवशी मोडलं. सर, माझ्यातच शिस्त नाही.’

शिस्तीला कशाला दोष देतेस? आपल्याला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस नेहमी कमीच करतो. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच यावर लिहून ठेवलं आहे. पुढे १९९४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, काम कधी पुरं होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिघडत गेलं तर? जवळजवळ ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ दिवस. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही कमी पडला. हे सगळे काही आळशी नव्हते. तुझे वडील पाण्याची पाळी ठरवताना लाइट जाणार हे धरूनच चालतात. तू मात्र लाइट दिवसभर राहील असं समजून रकाने आखलेस.

तेव्हा ते कागद भिंतीवरून काढ. आठवडाभर नवं काही आखू नकोस. एक छोटी वही घे आणि प्रत्यक्षात काय झालं तेवढंच त्यात लिही: अभ्यासिकेत कधी पोचलीस, कधी उठलीस, चहाला खाली गेलीस ती कधी परतलीस. चहाच्या टपरीवर यंदा जागा किती निघणार याची चर्चा रंगते, ती दहा मिनिटांत संपत नाही हे मला माहीत आहे. स्वतःला रागावू नकोस, नुसतं लिही. आठवड्याने बेरीज कर. मी पाहिलेल्या बहुतेक वह्यांमध्ये खरा अभ्यास सहा-सात तासांचाच निघाला, आणि त्यात पास होणारेही होते. तुझा जो आकडा येईल त्यावर पुढची आखणी कर. त्यातही आठवड्यातला अर्धा दिवस कोरा सोड. मागे राहिलेलं काम तिथे जाईल. काहीच राहिलं नसेल तर झोप काढ.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तुझ्या रकान्यात लिहिलंय, ‘१० ते १२ राज्यघटना’. बारा वाजले की रकाना भरतो, मग डोक्यात काही राहिलं असो वा नसो. त्याऐवजी लिही, ‘मूलभूत हक्क, कलम १२ ते ३५, पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचं, मग मागच्या वर्षांचे प्रश्न’. हे दीड तासात झालं तर उठ, तीन तास लागले तर लागू देत. पुस्तक मिटून आठवणं कंटाळवाणं असतं, म्हणून सगळे हायलाइटर घेऊन पुन्हा वाचत बसतात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासून पाहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. तुझी परीक्षा काही पाच मिनिटांनी नाही.

आता सी-सॅट, म्हणजे पूर्व परीक्षेतला गणित, तर्क आणि आकलनाचा दुसरा पेपर. त्याला तू रात्री १० ते ११ हा उरलासुरला तास दिला आहेस. तुझी पदवी मराठीतली, गणिताशी दहावीनंतर गाठ पडलेली नाही, हे लक्षात घेतलं तर यात मला सगळ्यात मोठा धोका दिसतो. पेपर २०० गुणांचा, त्यात किमान ३३ टक्के म्हणजे ६६ गुण हवेत. तेवढे नाही पडले तर पहिल्या पेपरात, सामान्य अध्ययनात, कितीही मिळवलेस तरी ते मोजलेच जात नाहीत. ८० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. शिवाय चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापतात. हा पेपर असतो दुपारी ३ ते ५, सकाळचा पेपर देऊन डोकं शिणलेलं असताना. म्हणून सरावही दुपारी तीनलाच कर. आठवड्यातून दोनदा, घड्याळ लावून, पूर्ण पेपर. अभ्यासिकेत त्या वेळी अर्धे लोक बाकावर डोकं टेकून झोपलेले असतात; तुलाही झोप येईल, आणि नेमकी तीच सवय मोडायची आहे.

मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. ‘पूर्व झाली की लिहायला लागू’ असं तुझ्या रूम पार्टनर म्हणत असतील. ऐकू नकोस. रोज एक उत्तर, हाताने, वेळ लावून.

टेलिग्रामबद्दल एवढंच सांगतो: पीडीएफ उतरवून घेणं म्हणजे अभ्यास नव्हे. दोन ग्रुप ठेव, बाकी सोड.

परीक्षेच्या तारखेवरही फार विसंबू नकोस. १४ मार्च २०२१ ची पूर्व परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली, पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि मग ती २१ मार्चला झाली. २०२४ मध्ये २५ ऑगस्टची परीक्षा थेट १ डिसेंबरला गेली. २०२५ मध्ये अतिवृष्टीमुळे २८ सप्टेंबरची ९ नोव्हेंबरला. दर वेळी मी तेच पाहिलं. सगळी उजळणी शेवटच्या पंधरा दिवसांवर ठेवलेली मुलं तारीख हलली की हातपाय गाळतात, दोन आठवडे वाया घालवतात, मग पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतात. तू उजळणी आठवड्यातच बसव: सोमवारी वाचलेलं शुक्रवारी पुस्तक मिटून, मग महिन्याअखेरीस एकदा. तारीख पुढे गेली तर हेच चक्र आणखी एकदा फिरव, नवी पुस्तकं आणू नकोस.

हे सगळं झालं दिवसांचं आणि आठवड्यांचं. वर्षांचा हिशेब तू मांडलेलाच नाहीस, आणि मला काळजी त्याची आहे. वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. मर्यादा एवढी लांब आहे म्हणून कोणाला थांबावंसंच वाटत नाही. ‘अजून एक अटेम्प्ट’ म्हणता म्हणता तिशी ओलांडलेली हुशार मुलं शास्त्री रोडवर भेटतात आणि गावी जायला संकोचतात. पुढचा फॉर्म भरण्याआधी घरी बोलून घे: कोणत्या वर्षापर्यंत, महिन्याचे पैसे कुठून, मध्ये तलाठी किंवा लिपिकाची जागा मिळाली तर ती घ्यायची की नाही. मी घे म्हणेन. पगार सुरू असतानाही अभ्यास होतो. जे ठरेल ते तारखेसकट वहीत लिही. तुझे वडील हा विषय स्वतःहून काढणार नाहीत, तुला वाईट वाटेल म्हणून. तूच काढ. दिवाळीत नको, घरात पाहुणे असतात. त्याआधी एखाद्या शनिवारी रात्रीची बार्शीची एसटी पकड.

तुझा,
सर