पावसात खंड पडणारच, हे धरून खरिपाची आखणी करा

मृगाच्या तोंडावर यवतमाळ, वाशीम, अकोला आणि अमरावतीकडून आलेल्या प्रश्नांची ही उत्तरे आहेत. त्याआधी थोडे सांगतो, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे. वर्षाचा एकूण पाऊस पाहून आता पिकाचा अंदाज बांधता येत नाही. २०२३ चा हंगाम आठवा. यवतमाळ जिल्ह्यात २२ जुलैला एवढा पाऊस कोसळला की महागाव तालुक्यात पुरात अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर बोलवावे लागले. त्यानंतरचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. एकाच पिकाने महिनाभराच्या अंतराने दोन्ही टोके सोसली. म्हणून वावराची रचना अशी हवी की पाणी जास्त झाले तर निघून जाईल आणि कमी झाले तर मुरलेले पुरेल.

दिग्रस तालुक्यातून विचारले आहे: "पहिल्या चांगल्या पावसावर पेरतो, पण दुबार पेरणीची पाळी येते. नेमका किती पाऊस झाल्यावर पेरावे?"

भाऊ, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण वावरात नेऊ नका. हा आकडा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा नको, तुमच्या वावराचा हवा, कारण एका शिवारात पडतो आणि नाल्यापलीकडे पडत नाही. तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचे असलेला, सरळ कडांचा डबा घ्या. झाडापासून आणि गोठ्यापासून लांब, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी ८.३० वाजता आतले पाणी पट्टीने मोजून लिहा आणि डबा रिकामा करा. १ सेंटीमीटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. निमुळता डबा किंवा बादली घेतली तर माप चुकते.

पण नुसत्या बेरजेवरही जाऊ नका. तासाभरात ८० मिलिमीटर पडला तर उताराच्या वावरातून त्यातला बराचसा वाहून जातो. वावरात तीन-चार ठिकाणी, चढावर आणि खोलगटात, कुदळीने खड्डा करून पाहा. वीतभर खालची माती मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे. वर ओल, मध्ये कोरडा थर आणि खाली जुनी ओल असे दिसले तर थांबा. ३०-४० मिलिमीटरवर पेरलेले सोयाबीन उगवते छान, पण मूळ त्या कोरड्या थराला टेकते आणि आठवडाभर कडक ऊन पडले की रोप मान टाकते. दुबार पेरणी बहुतेक वेळा इथेच ठरते. कपाशीची धूळपेर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी, ज्यांच्याकडे एखादे पाणी द्यायची सोय आहे त्यांनीच करावी.

पाऊस लांबला तर घाबरून पेरू नका, पण तारखा ध्यानात ठेवा. मूग आणि उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच. कपाशी आणि सोयाबीन १५ जुलैपर्यंत. त्यानंतर पेरायचेच झाले तर सोयाबीनचे लवकर येणारे वाण घ्या, बियाणे २० ते २५ टक्के वाढवा आणि खत एक चतुर्थांश कमी करा, कारण उशिरा पेरलेल्या पिकाला वाढायला दिवस कमी मिळतात. तूर जुलैअखेरपर्यंत चालते. त्यापुढे तीळ, सूर्यफूल, एरंडी किंवा बाजरी घ्या.

घरचे सोयाबीन बियाणे असेल तर आजच उगवण तपासा. प्रत्येक पोत्यातले थोडे दाणे एकत्र करून न निवडता १०० मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवून ओल टिकवा. सहा-सात दिवसांनी चांगला कोंब आलेले दाणे मोजा. ७० किंवा जास्त असतील तर एकरी ३० किलो बियाणे. त्याखाली प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो वाढवा. ६० च्या खाली गेले तर ते बियाणे वापरू नका. बियाण्याचे पोते ट्रॉलीतून फेकू नका. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते, आदळला की बाहेरून धड दिसतो आणि उगवत मात्र नाही. बीजप्रक्रियेचा क्रम बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि पेरणीच्या थोडे आधी रायझोबियम (नत्र देणारे) व पीएसबी (स्फुरद विरघळवणारे) ही जिवाणू खते, दोन्ही १० किलो बियाण्याला प्रत्येकी २५० ग्रॅम. क्रम उलटला तर जिवाणू औषधानेच मरतात. बी ३ ते ४ सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. पेरणीनंतर दणक्याचा पाऊस होऊन वर पापडी धरली तर खोलवरचा कोंब तिच्याखालीच वळून सडतो.

वाशीमकडून प्रश्न आहे: "बीबीएफ (रुंद वरंबा आणि सरी पाडून पेरणारे) यंत्र वेळेवर मिळत नाही. शिवाय सऱ्यांत जागा जाते, मग उत्पन्न घटणार नाही का?"

यंत्र मिळाले तर उत्तमच. पण मुख्य गोष्ट सरी आहे, आणि ती साध्या अवजारानेही पडते. ट्रॅक्टरच्या सात दात्यांच्या पेरणी यंत्राचे मधले, म्हणजे चौथे, छिद्र बंद करा. बियाण्याचे आणि खताचे दोन्ही. बरेच जण खताचे विसरतात आणि ते खत रिकाम्या ओळीत तणाला मिळते. वळून येताना दोन फेऱ्यांमध्येही एक ओळ खाली सोडली की तीन ओळींचे पट्टे तयार होतात. बियाण्यात सुमारे चौथा हिस्सा वाचतो. तिफणीवाल्यांनी दोन फेऱ्या, म्हणजे सहा ओळी झाल्या की एक ओळ सोडावी. पहिल्या डवरणीच्या (उभ्या पिकाच्या ओळींतून डवरा चालवण्याच्या) वेळी डवऱ्याच्या पासेवर, म्हणजे पात्यावर, जाड दोरी गच्च गुंडाळून त्या रिकाम्या ओळीतून डवरा चालवा. माती दोन्ही बाजूंना ढकलली जाऊन सरी पडते आणि पिकाला भरही लागते.

उत्पन्नाची भीती मनातून काढा. कडेच्या ओळींना ऊन आणि वारा जास्त मिळतो, झाड फांद्या धरते आणि सोडलेल्या ओळीची तूट बरीचशी भरून निघते. फवारणीला चालायला वाट होते, हा वेगळा फायदा.

सगळी गफलत होते ती सरीच्या तोंडाशी. भारी काळ्या जमिनीत सरीचे पाणी धुऱ्याकडे (वावराच्या बांधाकडे) आणि तिथून नाल्याकडे निघाले पाहिजे. तोंड बुजलेले असेल तर सरीच डबके होते, मुळांना हवा मिळत नाही, मुळांवरच्या गाठीतले जिवाणू बंद पडतात आणि पान पिवळे पडते. हलक्या, मुरमाड जमिनीत उलट करा. तिथे सरीत दर १०-१२ हातांवर मातीचे छोटे आडवे बांध घाला म्हणजे पाणी अडून जागीच जिरेल. दोन्ही प्रकारच्या जमिनींत पेरणी उताराला आडवीच. उताराच्या दिशेने काढलेली सरी म्हणजे माती वाहून नेणारा नालाच.

सोयाबीनच्या पिवळेपणाबद्दल दोघांनी विचारले आहे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ती लोहाची कमतरता. आधी पाणी काढा, मग १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुना मिसळून, निवळी गाळून फवारा. हिरवे-पिवळे चट्टे सगळ्या पानावर विखुरलेले असतील तर तो पिवळा मोझॅक. तो पांढऱ्या माशीने पसरतो. रोगट झाडे उपटून वावराबाहेर नेऊन पुरा आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करा. युरियाने यातले काहीच हटत नाही.

कळंब तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: "चार एकर कोरडवाहू. सगळे कापूस-सोयाबीन-तुरीत जाते. पाच माणसांना ज्वारी विकत आणावी लागते. ज्वारी पुन्हा घ्यावी का?"

घ्यावी, ताई. आधी हिशेब मांडू. माणशी दिवसाला ४०० ग्रॅम धान्य धरले तर पाच जणांना वर्षाला ७ क्विंटल ३० किलो लागते. रेशनचा गहू-तांदूळ वजा करून निम्मी भाकर धरली तर साडेतीन ते चार क्विंटल ज्वारी पुरे. डाळ माणशी ६० ग्रॅम धरली तर वर्षाला सुमारे १ क्विंटल १० किलो, म्हणजे १ क्विंटल ६० किलोच्या आसपास तूर. हे सगळे एका एकराच्या आवाक्यात आहे. त्या एकरात ज्वारी आणि तूर ४:२ ओळींनी, म्हणजे चार ओळी ज्वारी आणि दोन ओळी तूर, अशी पेरा. कडबा बैलाला आणि गाईला, तो वेगळा. उरलेल्या तीन एकरांपैकी मध्यम-भारी दीड एकरात कपाशीत मूग १:१. मूग ६५-७० दिवसांत निघतो आणि पोळ्याच्या सुमारास हातात पहिला पैसा येतो. दीड एकरात सोयाबीन आणि तूर ४:२. तूर पट्ट्याच्या उंच भागावर ठेवा, सरीलगत पाणी साचले की ती खोडातून सडते. एखादा तुकडा मुरमाड असेल तर तिथे सोयाबीन नको. तिथे खंड पडला की पहिल्यांदा तेच करपते, मूग-तूर तग धरतात.

खरीप ज्वारी लोकांनी सोडली ती तीन कारणांनी, आणि तिन्हींचा विचार करूनच पुन्हा घ्या. पहिले, खोडमाशी. उशिरा पेरलेल्या ज्वारीत पोंगेमर (रोपाचा मधला कोंब सुकणे) वाढते, म्हणून पुरेसा पाऊस झाल्यावर आठवड्याच्या आत पेरणी उरका, एकरी ४ किलो बियाणे घ्या आणि किलोला १० मिलि थायोमेथोक्झाम ३० एफएस हे कीटकनाशक चोळा. दाट झालेली रोपे १२ ते १५ सेंटीमीटरवर विरळा. दुसरे, काळी पडणारी ज्वारी. सप्टेंबरच्या पावसात कणसावर बुरशी चढते. इथे उभे पीक पूर्ण वाळायची वाट पाहणे हीच चूक. दाणा कणसाला जिथे चिकटतो तिथे काळा ठिपका दिसला की दाणा भरला, त्यापुढे त्याचे वजन वाढत नाही. त्याच वेळी कणसे कापून छपराखाली पसरून वाळवा. तिसरे, रानडुक्कर आणि पाखरे. त्यावर एकट्याचा इलाज चालत नाही. शेजारच्या चार-पाच धुऱ्यांवाल्यांनी ज्वारी लागून-लागून पेरली तर राखण वाटून घेता येते. एकट्याची एक एकर ज्वारी शिवारभरच्या पाखरांना पुरून उरत नाही.

दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातून विचारले आहे: "विहिरीचे पाणी खारे. शेततळे घ्यावे का आणि किती मोठे?"

घ्यावे, कारण तुमच्याकडे गोडे पाणी पावसाचेच. जमिनीत चिकण माती भरपूर असल्याने ते टिकतेही. २० बाय २० मीटर, ३ मीटर खोल. पण कडा उभ्या ठेवू नका, ही माती भिजली की ढासळते. १ मीटर खोलीला दीड मीटर बाहेर असा उतार ठेवा. तळ ११ बाय ११ मीटरचा होतो आणि सुमारे ७ लाख ४० हजार लिटर पाणी मावते. ऊन आणि पाझर यांत तिसरा हिस्सा गेला तरी ५ लाख लिटरच्या आसपास उरते. एका एकराला ३ सेंटीमीटरचे तुषार ओलित म्हणजे १ लाख २० हजार लिटर. म्हणजे चार एकरांना एक पाणी. पाटाने दिले तर एवढ्यात दोन एकरही धड भिजणार नाहीत. पाणी आत येते तिथे गाळ बसायला २ बाय २ मीटरचा खड्डा आणि आत-बाहेरच्या तोंडांना दगडी पिचिंग हवेच, नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत तळे उथळ होते.

ते एक पाणी केव्हा वापरायचे, यावर सगळे आहे. सोयाबीनला शेंगा भरताना, रोप लहान असताना नाही. मुगानंतर हरभरा घेत असाल तर फांद्या फुटताना एक. जमिनीला भेगा पडेपर्यंत थांबून मग भरपूर पाणी दिले तर हरभरा उभळतो, म्हणजे उभाच सुकून मरतो. जमीन भिजल्यावर फार चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होत असेल तर माती परीक्षण करून जिप्समचे प्रमाण ठरवा. विहिरीचे पाणी मात्र 'एकदाच देतो' म्हणूनही देऊ नका.

पाऊस दोन-तीन आठवडे उघडला तर पहिला उपाय डवरणीच. वरची माती मोकळी राहिली की भेगांतून उडणारी ओल थांबते. पान दुपारी मिटते पण सकाळी उघडते, तोवर १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट (१३:०:४५) फवारा. झाड सकाळीही सुकलेले असेल तर फवारणीचा पैसा वाया जातो. कोरड्या जमिनीवर युरिया फेकू नका. खंडानंतर एकदम जोराचा पाऊस होऊन कपाशी उभी सुकली तर तो मर रोग नसून आकस्मिक मर असते, आणि दोन दिवसांच्या आत हात घातला तर बरीच झाडे वाचतात. साचलेले पाणी काढा, १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून प्रत्येक झाडाच्या बुडाशी १५० मिलि ओता आणि बुडाची माती पायाने दाबा.

सोयाबीन काढणीच्या वेळच्या पावसाबद्दल अनेकांनी लिहिले आहे. सगळ्या वावरात एकच वाण पेरू नका, दहा-बारा दिवसांच्या फरकाने पक्व होणारी दोन वाणे घ्या म्हणजे एका पावसात सगळेच सापडणार नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा हवामान सल्ला निघतो, मेघदूत ॲपवरही मिळतो, तो पाहून कापणी ठरवा. ९५ टक्के शेंगा पिवळ्या-तपकिरी झाल्या की कापा. कापलेले ओले ढीग लगेच गंजीला लावू नका, आतून तापून दाणा काळा पडतो. एक-दोन दिवस पसरून वाळवा, मग ताडपत्री खाली आणि वर घालून गंजी लावा. बियाण्यासाठीचे सोयाबीन काढताना मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या वर जाऊ देऊ नका. ते पोते लाकडी फळ्यांवर ठेवा, थप्पी चार पोत्यांपेक्षा उंच नको आणि खताच्या पोत्यांच्या खोलीत तर नकोच.